पाय किलो

अण्णा, काल तुमच्या थोरल्या नातवानं भर रस्त्यात पावकी शोधून काढली. पाठ केली असं मी म्हणत नाही, तो पाठ करणाऱ्यातला नाहीच. त्यानं ती शोधून काढली, नजरबादला एका भाजीच्या गाडीपाशी, टळटळीत दुपारी, एका हातात धाकट्याचा हात आणि दुसऱ्या हातात माझी पिशवी धरून. तेव्हापासून मी घरभर नुसती फिरते आहे. ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "हो का? छान. पण पावाचा पाढा हल्ली लागतो कुठं?" तिचंही खरं आहे. पण मला "छान" नको होतं. हे ऐकून खुर्चीतून ताडकन उठून उभं राहील असं माणूस मला हवं होतं, आणि तसं माणूस आपल्या घरात एकच होतं. तुम्ही गेलात तेव्हा थोरला जन्मालाही आला नव्हता, हे मला माहीत आहे. तरी हाताला लागला तो कागद ओढला आणि बसले लिहायला. पोरं खाली अंगणात आहेत, कुकर लावला आहे, मधूनमधून उठावं लागेल.

म्हैसूरचं हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्या जावयांची इथल्या ऑफिसात बदली झाली आणि आम्ही पुण्याहून बोचकी बांधून आलो, विजयनगरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. गच्चीवरून चामुंडीचा डोंगर दिसतो. गाव तुम्हाला आवडलं असतं, रस्त्यांना झाडं आहेत आणि माणसं कमी आवाजात बोलतात. फक्त एका गोष्टीनं मला सुरुवातीला फार छळलं. इथं प्रत्येक पुरुष अण्णा! भाजीवाला अण्णा, रिक्षावाला अण्णा, गॅसची टाकी खांद्यावरून आणणारा मिसरूड फुटलेला पोरगा तोही अण्णा. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे डोक्याला कळत होतं, पण तोंडाला कळत नव्हतं. मी "अण्णा" म्हटलं की पेपर तपासता तपासता मान वर न करता "बोल बाई" म्हणणारा माणूस तेवढाच माझा अण्णा. तो शब्द मी कोथिंबिरीच्या जुडीसाठी कसा खर्च करणार? पहिले कितीतरी महिने मी सगळ्यांना "भैया" म्हणत होते आणि लोक माझ्याकडे टकमका बघत होते. पुढं हळूहळू सवय झाली.

आता जे सांगायचं टाळते आहे ते आधी सांगून टाकते. तुमचे नातू शाळेत जात नाहीत. थोरल्याचं नाव मी दुसरीतून काढलं, धाकट्याचं घातलंच नाही. दोघांना मी घरी शिकवते. हे वाचून तुमची बोटं टेबलावर वाजायला लागली असणार. जूनमध्ये शाळा भरायच्या आधी तुम्ही सायकल घेऊन वाड्या-वस्त्या पालथ्या घालायचात. धनगरवाड्यावर पोरगं तुम्हाला बघून मेंढरांच्या मागं लपायचं आणि तुम्ही त्याच्या बापाबरोबर निवांत तंबाखू मळत बसायचात, ते आपणहून बाहेर येईपर्यंत. "नाव घाला, पुढचं माझ्याकडं लागलं," एवढंच म्हणायचात. एकदा मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले, तर मधल्या सुट्टीत घरी आलात, ओवा चारलात आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून वर्गात नेऊन सोडलंत. त्या माणसाची मुलगी आपल्या पोरांना हाताला धरून शाळेतून बाहेर काढते. तुम्ही असतात तर माझी हिंमत झाली असती का, हे मला अजूनही माहीत नाही.

पण थोरल्याचं ऐका. चार वर्षांचा असताना हा पोरगा बोलता बोलता दमायचा नाही. शाळेत जायला लागला आणि हळूहळू त्याचं एकच वाक्य उरलं. "मला येत नाही." प्रश्न पुरा व्हायच्या आत. शाळेनं त्याला मारलं नाही, कोंडलं नाही, बाई तर प्रेमळ होत्या. वर्ग मोठा होता, सगळं इंग्रजीतून भराभर पुढं जायचं आणि हा प्रत्येक गोष्टीपाशी थांबून तिला उलटीपालटी करून बघणारा. त्याला कुणीतरी कधीतरी "हळू आहे" म्हटलं असेल, ते त्यानं उचललं आणि अंगाला गुंडाळून घेतलं. एकदा मी विचारलं, "पाणी हवंय का रे?" आणि तो म्हणाला, "मला येत नाही." मग आपण काय बोललो ते त्यालाच कळलं आणि तो इतका ओशाळला की मला तिथंच भडभडून आलं. त्या आठवड्यात मी तुमच्या जावयांना म्हटलं, ह्याला मी घरी शिकवते. ते शांत माणूस आहेत. म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघू. तोवर हे 'येत नाही' गेलं तर पुढं चालू. नाहीतर जूनला शाळा, आणि मग रडायचं नाही." मी कबूल झाले. पाडवा आता तोंडावर आला आहे, आणि परवापर्यंत "येत नाही" जागच्या जागी होतं. उलट ते आता दोन भाषांत झालं होतं, कारण धाकटा त्याच्या मागून पोपटासारखा "ननगे बरल्ला" म्हणायचा. कन्नडमध्ये मला येत नाही ते असं.

आमच्या शिकवण्याचं वर्णन करायला मला लाज वाटते. तुमच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. इथं सकाळी मी मोठ्या उत्साहानं फळा पुसते, तोवर धाकटा डाळीच्या डब्यात हात घालून बसलेला असतो. शुद्धलेखन सांगता सांगता दूध उतू जातं. पाढे म्हणायला उभे केले तर दोघं कुस्ती खेळतात आणि मी मध्ये पडले की मलाच लागतं. बन्नूरच्या बसमध्ये बसवून भाताची लावणी दाखवायला नेलं, तर धाकटा बांधावरून थेट चिखलात. थोरला काठावर बसून म्हणाला, "आई, आता हा पण लावला," आणि कितीतरी दिवसांनी खदखदून हसला. मी त्याला शिक्षण म्हणते, तुमचे जावई त्याला सहल म्हणतात. एकदा मी वैतागून धाकट्याला म्हटलं, "हल्ली तू फार त्रास देतोस," तर तो मान वर करून भिंतीवर काहीतरी शोधायला लागला. मला काही कळेना. थोरला म्हणाला, "आई, कन्नडमध्ये हल्ली म्हणजे पाल. तो पाल शोधतोय."

तेव्हाच मला कळायला हवं होतं की ह्या पोराचा कान कसला आहे. पण मी ढ. दुसऱ्यांदाही त्यालाच सांगावं लागलं. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहतात, पोरं त्यांना अज्जी म्हणतात. त्यांची मराठी माणसं कित्येक पिढ्यांमागं इथं आली. घरात अजून मराठी आहे, पण ती कन्नडच्या मांडीवर वाढलेली. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "तुमची मराठी पुस्तकातली की वो. आमची सुम्ने, नुसती घरातली." तर त्यांनी एकदा जिन्यात विचारलं, "पोरं कुठल्या स्कूलला जातेत?" मी सांगितलं, जात नाहीत, मी घरीच शिकवते. त्यांनी दोघांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अय्यो, पाप!"

पाप, अण्णा! मी तशीच वर आले आणि दार लावून रडले. तुमचाच आवाज त्यांच्या तोंडून आला असं वाटलं. दोन दिवस मी जिन्यावरून मान खाली घालून जात होते. शेवटी थोरल्यानंच विचारलं, तू अज्जीशी का बोलत नाहीस? मी म्हटलं, त्या आपल्याला पापी म्हणाल्या. तो म्हणाला, "आई, पाप म्हणजे बिच्चारा. पडलं की अज्जी म्हणते, पाप, पाप. मांजराला पण म्हणते." मी खाली गेले आणि अज्जींना सगळं सांगितलं. त्या पोट धरधरून हसल्या. "मी पोरांना नाही म्हटलं वो," म्हणाल्या, "तुम्हाला म्हटलं पाप. दिवसभर दोन पोरं घरात! कशी करतीस गं माय?"

आणि तरीही मी ह्या पोराला अपूर्णांक शिकवायला बसले ते कागदाच्या घड्या घालून आणि पोळीचे तुकडे करून. पाव पोळी म्हटलं की त्याला खायचा पाव आठवायचा आणि तो गोंधळायचा. पाव हा आकडा कसा असेल? पाऊण हे तर काहीच वाटायचं नाही त्याला. मी वेगवेगळ्या दिशांनी हल्ला केला. तो पोळी खाऊन टाकायचा आणि म्हणायचा, "मला येत नाही." आपलं स्वयंपाकघर आठवून मला चीड यायची. आई भाकरी थापते आहे, तुम्ही उंबऱ्यात बसून दाढी करता आहात आणि आरशातूनच मला विचारता आहात, "सात पाव?" मी चुलीपुढून ओरडते, "पावणेदोन!" "दहा पाव?" "अडीच!" तुमच्या गालावर साबण, आणि तरी तुम्ही हसलात की आरशात कळायचं. आमच्या लग्नात आईनं भांडी दिली आणि तुम्ही पिशवीतून ते पितळी चिपटं काढून माझ्या हातात ठेवलंत. "शेराची चार होतात," एवढंच म्हणालात. मी अजून त्यानंच तांदूळ मोजते. इतके पाव घरात नांदत असताना माझ्याच पोराला पाव समजू नये!

आता कालचं. आधारकार्डावरचा पत्ता बदलायचा होता म्हणून नजरबादच्या ऑफिसात गेले. पोरांना शाळा नाही, म्हणजे माझं प्रत्येक काम ही पोरांची शाळा. रांगेत धाकट्यानं सगळ्यांच्या चपला मोजल्या. आमचा नंबर जवळ आला आणि खिडकी जेवणासाठी बंद झाली. बाहेर सावलीला एक भाजीची गाडी उभी होती, म्हटलं तेवढ्यात भाजी तरी घेऊ. मी म्हटलं, "अण्णा, बीन्स." भाजीवाला म्हणाला, "हेळम्मा." गिऱ्हाईक बाईला इथं असंच म्हणतात, सांग अम्मा, बोल. मग त्यानं विचारलं, "अर्ध केजीना, कालु केजीना?" माझं कन्नड बाजारापुरतं आहे, कालु केजी म्हणजे पाव किलो हे मला येतं. पण मी उत्तर द्यायच्या आत धाकट्यानं भावाला विचारलं, "काय म्हणतात ते?" आणि थोरल्यानं गंभीरपणे भाषांतर केलं, "ते म्हणतायत, अर्धा किलो पाहिजे का पाय किलो."

धाकटा किंचाळला, "पाय किलो! कुणाचा पाय?" माझ्याही ओठांवर हसू आलंच होतं. थोरल्याचं तोंड पडायला लागलं. ते मी ओळखते, आधी डोळे खाली जातात आणि मग ते वाक्य येतं. आणि त्याच क्षणी, अण्णा, मला तुमचा तो दिवस आठवला. चौथीचा वर्ग. तुम्ही विचारलंत, दोन आणि अर्धा म्हणजे किती? वस्तीवरची ती नवी मुलगी, केसांना तेल नाही, पायात चप्पल नाही, उठून मोठ्यानं म्हणाली, "साडेदोन." सगळा वर्ग हसला आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसले, कारण मी गुरुजींची मुलगी. तुम्ही मला उभं केलंत. म्हणालात, "उत्तर चुकलं की हसायचं नाही. ते कुठून आलं ते विचारायचं. विचार तिला." मला सगळ्यांसमोर विचारावं लागलं, आणि ती म्हणाली, "साडेतीन म्हणत्यात, साडेचार म्हणत्यात, मग साडेदोन का न्हाई?" तुम्ही खडू टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, "पोरगी सरळ चालली आहे, मराठीच वाकडी चालते." माझे कान दिवसभर लाल होते.

म्हणून मी हसू गिळलं. भाजीवाल्याला हातानं थांबवलं, रस्त्यावरच उकिडवी बसले आणि विचारलं, "पाय कुठून आला रे?" तो हळूच म्हणाला, "कालु म्हणजे पाय ना? अज्जी म्हणते, कालु तोळको. पाय धू." मी म्हटलं, "बरोबर. मग?" तो ताजव्याकडे बघत होता, मग त्याची नजर रस्त्यावर गेली. पलीकडे कचऱ्यापाशी एक गाय उभी होती, म्हैसुरात कुठंही असते तशी. तो तिच्याकडे बघतच राहिला. अण्णा, एखाद्याच्या चेहऱ्यावर दिवा लागलेला तुम्ही आयुष्यभर बघितला असेल, मी काल पहिल्यांदा बघितला. तो म्हणाला, "आई, गायीला चार पाय. एक किलो म्हणजे अख्खी गाय. एक पाय म्हणजे... कालु. पाव." तो थांबायलाच तयार नव्हता. "आणि ते मुक्कालु म्हणतात ना, अज्जी म्हणते, मुक्कालु लीटर. मूरु कालु! तीन पाय! आई, पाऊण म्हणजे लंगडी गाय!"

भाजीवाल्याला मराठीचं अक्षर कळलं नसेल, पण "मूरु कालु, मुक्कालु" त्याला कळलं. त्यानं थोरल्याकडे बघून मान डोलावली. धाकटा तर गाडीभोवती लंगडत नाचायलाच लागला, "लंगडी गाय, लंगडी गाय." आणि तेवढ्यात थोरल्यानं तुमचा असावा असा प्रश्न विचारला. "मग मराठीत पाव का म्हणतात? पाय का नाही म्हणत?" अण्णा, तिथं रस्त्यावर माझ्या अंगावर काटा आला. संस्कृतमध्ये पाय म्हणजे पाद. श्लोकाचे चार पाद. त्याच पादाचा एकीकडे पाय झाला आणि दुसरीकडे पाव. एकाच पोटचे दोघं, आणि आयुष्यभर पावकी म्हणूनही मला ते कधी दिसलं नव्हतं! मी आनंदाच्या भरात पोरांना सांगून बसले, "अरे, पाव पण पायच आहे! मूळ शब्द पाद!" पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. पाद म्हटल्यावर दोन लहान मुलगे काय करतात? दोघंही फुटपाथवर बसून लोळायचे बाकी राहिले. व्युत्पत्ती राहिली बाजूला. मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बीन्स अर्धा किलो घेतल्या की पाव किलो हे मला आठवत नाही. आधारकार्डाचा पत्ता अजून जुनाच आहे.

घरी आल्यावर त्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. रांगोळी घेऊन स्वयंपाकघराच्या काळ्या फरशीवर गायी काढायला लागला. मी कणीक मळते आहे, आणि माझ्या पायांभोवती गायींचा कळप वाढतो आहे. धाकटा प्रत्येक गायीला शेण काढतो. थोरल्यानं डब्यातलं चिपटं बघितलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, माझ्या अण्णांनी दिलेलं माप, शेराची चार होतात. तो म्हणाला, "म्हणजे शेराचा पाय." हो रे राजा, शेराचा पाय! मग मीच त्याला घाबरत घाबरत विचारलं, दहा पाय म्हणजे किती गायी? तो मोजायला लागला. दोन गायी अख्ख्या, आणि एक अर्धी. म्हणाला, "साडेदोन."

मी तशीच पिठाच्या हातांनी खाली बसले आणि त्याला त्या मुलीची गोष्ट सांगितली. त्याला फार आवडली. कन्नडमध्ये दीडला ओंदूवरे, अडीचला एरडूवरे, साडेतीनला मूरूवरे, सगळे एका रांगेत सरळ उभे असतात. ती मुलगी इथं असती तर तिला कुणी हसलं नसतं, हे त्यानंच मला समजावून सांगितलं. मग विचारलं, "ती आता कुठं आहे?" मला माहीत नाही, अण्णा. तुम्हाला ठाऊक असणार. तुमच्याकडून शिकलेल्या एकूण एक पोराचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असायचं.

संध्याकाळी तुमचे जावई आले. दारातच त्यांना गायी चुकवत चुकवत यावं लागलं. धाकट्यानं सगळी बातमी एका दमात सांगितली, त्यात पाद हाच शब्द जास्त होता. त्यांनी बूट काढता काढता सहज विचारलं, "असं? मग सतरा पाव किती?" माझ्या हातातला डाव तसाच राहिला. सतरा कशाला विचारायचं, पाच विचारा, सहा विचारा! थोरल्याचे डोळे खाली गेले. तोंड उघडलं. "मला ये..." म्हणाला आणि थांबला. मग त्यानं हात वर केला, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा, आणि म्हणाला, "थांबा बाबा. गायी मोजतो." तो फरशीवर ओणवा झाला, बोटानं एक-एक गाय मोजत गेला, एका गायीपाशी अडला, परत पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी उठला, गुडघ्यावरची रांगोळी झटकली आणि म्हणाला, "चार गायी. आणि एक पाय उरतो. सव्वाचार."

तुमच्या जावयांनी त्याला शाबासकी दिली नाही, ते बरं केलं. ते म्हणाले, "बरोबर," आणि हात-पाय धुवायला आत गेले. मी कढईकडे तोंड करून उभी होते. थोड्या वेळानं बाहेर येऊन मला म्हणाले, "पाडव्याला आपण काहीतरी बोलायचं ठरवलं होतं ना?" मी म्हटलं, "हो." ते टॉवेलनं मान पुसत राहिले. मग म्हणाले, "पाडव्याला श्रीखंड खाऊ. चक्का तू घरी टांगतेस का मी आणू?"

अण्णा, मी चक्का घरी टांगणार आहे.

मी जिंकले असं म्हणत नाही. त्याला इंग्रजी वाचताना अजून घाम फुटतो, आज सकाळी पेन्सिलीवरून दोघांनी एकमेकांचे केस ओढले आणि नऊचा पाढा अजून तसाच डोंगरासारखा उभा आहे. उद्या परत "येत नाही" म्हणेलही. आणि तुमचं चुकलं होतं असंही मी म्हणणार नाही. त्या वस्तीवरच्या मुलीला घरी "कुठून आलं?" विचारणारं कुणी नव्हतं. तुम्ही तिला सायकलवरून शाळेत आणलंत म्हणून तिला ते विचारणारं माणूस भेटलं. माझ्या पोराला शाळेत ते माणूस भेटलं नाही, म्हणून मी त्याला घरी आणलं. मला वाटतं आपण दोघं उलट्या दिशांनी एकाच जागी निघालो होतो. तुम्ही ह्यावर माझ्याशी तास न् तास भांडला असतात आणि मला ते भांडण हवं आहे. फार हवं आहे.

परवा आम्ही परत बन्नूरला जाणार आहोत, ह्या वेळी गायी मोजायला. धाकट्याला शंका आहे की कोंबडी म्हणजे अर्धी गाय असते. थोरला त्याला हसला नाही. म्हणाला, "कुठून आलं हे?" मी आतून ऐकलं आणि पोळी करपू दिली.

हे पत्र कुठं जाणार नाही. ह्या कागदाच्या मागं थोरल्यानं पाऊण गाय काढली आहे, ती त्याला फ्रिजवर लावायची आहे आणि तो आता कुठल्याही क्षणी जिना चढून येईल. त्याच्या आत एकच गोष्ट सांगते, तुमच्या जावयांनाही माहीत नाही. मघाशी लिहिलं ना, की अण्णा म्हणायची मला सवय झाली? ती नुसती सवय नाही. कधीकधी घरात सगळी भाजी असते, मला काहीही घ्यायचं नसतं, तरी कोपऱ्यावरची गाडी दिसली की मी थांबते आणि मोठ्यानं हाक मारते, "अण्णा." भाजीवाला पाठमोरा असतो, काहीतरी निवडत असतो. मान वर न करता म्हणतो, "हेळम्मा."

मग कोथिंबीर घ्यावी लागते.